टीव्ही घ्यायचाय? आधी हॉलची भिंत मोजा

नवा टीव्ही घ्यायचं ठरलं की घरात पहिली चर्चा इंचांवर होते आणि दुसरी कंपनीवर. दोन्हींचा निकाल दुकानात जाऊन लावू, असं म्हणत सगळे निघतात. दुकानात भिंतभर पडदे एकाच वेळी झगमगत असतात, सगळ्यांवर समुद्र, फुलपाखरं आणि रंगीत फळं चालू असतात. तिथे तुमचा हॉल नसतो, दुपारी पडद्यावर ऊन टाकणारी बाल्कनी नसते आणि कोपऱ्यातली आजीची खाटही नसते. निवड या तीन गोष्टींवरच ठरायला हवी, म्हणून हा लेख घरातून सुरू करतोय.

उदाहरणाला मी दहा बाय पंधरा फुटांचा हॉल धरलाय. वन किंवा टू बीएचकेत साधारण एवढीच जागा मिळते. माझं मत आधीच सांगून टाकतो: बजेट काहीही असो, पैसे पडद्यात आणि सर्व्हिसमध्ये घाला. ‘स्मार्ट’पणासाठी जास्त पैसे मोजू नका. तसं का, ते पुढे येईलच.

पायरी पहिली: टेप आणि जुनी वर्तमानपत्रं

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. भिंतीवर जागा लागते ती रुंदी-उंचीला. ३२ इंची पडदा साधारण ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असतो. ४३ इंची म्हणजे ९५ बाय ५४, ५० इंची १११ बाय ६२, ५५ इंची १२२ बाय ६८ आणि ६५ इंची १४४ बाय ८१ सेंटिमीटर. कडा धरून त्यात थोडी भर पडते. भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सुताराने बनवलेल्या युनिटमध्ये टीव्ही बसवायचा असेल, तर दोन्ही बाजूंना निदान पाच-पाच सेंटिमीटर मोकळी हवीत आणि वरही हवा खेळायला हवी.

आता सोफ्यावर नेहमीच्या जागी बसा आणि डोळ्यांपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत कोणाला तरी टेप धरायला सांगा. दहा फुटी हॉलमध्ये सोफ्याची पाठ आणि आपली बसण्याची जागा वजा जाता हे अंतर साधारण साडेसात फूट भरतं, म्हणजे ९० इंच. याला १.६ने भागा. उत्तर आलं ५६. म्हणजे अशा हॉलला ५५ इंची टीव्ही व्यवस्थित शोभतो, तो ‘फार मोठा’ होत नाही. अंतर साडेसहा फूट असेल तर उत्तर ४९ येतं, तिथे ५० किंवा ४३ बघावा. हा नियम फोरके (एचडीपेक्षा जास्त, बारीक ठिपक्यांच्या) किंवा चांगल्या एचडी चित्रासाठी आहे. घरात दिसणारं चित्र तसं नसेल तर हिशेब बदलतो, त्याबद्दल पुढच्या पायरीत.

आकड्यांवर घरच्यांचा विश्वास बसत नसेल तर वर्तमानपत्राची पानं एकमेकांना जोडून १२२ बाय ६८ सेंटिमीटरचा आयत करा आणि कागदी चिकटपट्टीने भिंतीवर लावा. एक संध्याकाळ तो तसाच राहू द्या. दार उघडताना आड येतो का, देव्हाऱ्याच्या बाजूला कसा दिसतो, स्विचबोर्ड त्याच्या मागे झाकला जातोय का, सगळं तिथल्या तिथे कळतं. घरातले मतभेद मिटवायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

कागद लावतानाच उंची ठरवा. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०० ते १०५ सेंटिमीटरवर असतात आणि पडद्याचा मध्य त्याच्या आसपास यायला हवा. आपल्याकडे टीव्ही हमखास जास्त वर लागतो, कारण बसवणारा माणूस उभा राहून बघत असतो. घरात खाली चटईवर बसून जेवता-जेवता टीव्ही बघायची सवय असेल तर आणखी थोडा खाली घ्या. दीड-दोन तास मान वर करून बघण्याचा त्रास ज्येष्ठांना लगेच जाणवतो.

शेवटी त्या कागदासमोर दुपारी एकदा आणि रात्री दिवे लावून एकदा बसा. खिडकी किंवा बाल्कनी बरोबर समोर येत असेल तर पडद्यावर तिचंच प्रतिबिंब दिसणार. भिंत बदलता येत नसेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पॅनल, म्हणजे पडदा, निवडताना ती मोठी ठरते.

पायरी दुसरी: घरात नेमकं काय चालू असतं?

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग ‘जुन्या टीव्हीवर चित्र चांगलं दिसायचं’ अशी तक्रार येते. तक्रार खरी असते, पण दोष टीव्हीचा नसतो.

साध्या, म्हणजे एसडी चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, एकूण साधारण चार लाख ठिपके. फोरके पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे ८३ लाखांच्या आसपास. आलेल्या प्रत्येक ठिपक्यामागे टीव्हीला जवळपास वीस ठिपके स्वतः भरावे लागतात. ५५ इंचांवर साडेसात फुटांवरून बघितलं की मालिकेतल्या माणसांचे चेहरे मेणासारखे गुळगुळीत आणि अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसतात.

तेव्हा एक यादी करा. सकाळी कोण काय लावतं, संध्याकाळच्या मालिका केबलवर की अ‍ॅपवर, क्रिकेट कुठे बघितलं जातं, मुलं यूट्यूब किती बघतात. दिवसातला बहुतेक वेळ केबल किंवा डिशवरचे एसडी चॅनेल चालणार असतील तर दोन मार्ग आहेत. एक, ४३ इंचांवर थांबा, तिथे फाटलेपणा कमी जाणवतो. दोन, एचडी सेटटॉप बॉक्स घेऊन नेहमीचे चार-पाच चॅनेल एचडीमध्ये घ्या. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांची एचडी चॅनेल आहेत, त्यांचे महिन्याला वेगळे पैसे पडतात, पण मोठ्या पडद्यावर फरक लख्ख दिसतो. चाळीस-पन्नास हजारांचा टीव्ही घेऊन त्याला एसडी बॉक्स जोडलेली घरं मी बरीच पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी हळहळ वाटते.

गावाकडे डीडी फ्री डिश असेल तर टीव्हीत आतच सॅटेलाइट ट्यूनर आहे का, हे विचारा. असला तर छत्रीची वायर थेट टीव्हीला लावून दूरदर्शनचे आणि इतर काही मोफत चॅनेल वेगळ्या बॉक्सशिवाय लागू शकतात. सह्याद्री वाहिनी बघणाऱ्या ज्येष्ठांना एकाच रिमोटवर काम भागतं, ही सोय लहान नाही.

अ‍ॅपवर बघणारं घर असेल तर इंटरनेट तपासा. नेटफ्लिक्सच्या शिफारशीप्रमाणे फोरके चित्रासाठी सेकंदाला १५ मेगाबिट वेग लागतो, फुल एचडीसाठी ५. हा वेग टीव्ही लागणार त्या कोपऱ्यात मिळायला हवा. राउटर आतल्या खोलीत असेल तर मोबाइल घेऊन त्या भिंतीजवळ उभे राहा आणि वेग मोजा.

पायरी तिसरी: पडदा, म्हणजे टीव्हीचा जीव

आता शब्दांच्या जंगलात शिरू. ४३ इंच आणि त्यापुढे फोरकेच घ्या, कमी ठिपक्यांचा टीव्ही त्या मापात घेण्यात अर्थ उरलेला नाही. ३२ इंचांत एचडी रेडी आणि फुल एचडी दोन्ही मिळतात, तिथे जमलं तर फुल एचडी. एटकेचा विचार सोडा, तसं काही बघायलाच मिळत नाही.

‘एलईडी टीव्ही’ म्हणून जे विकलं जातं ते मुळात एलसीडी पॅनल असतं आणि त्याच्या मागे एलईडी दिवे असतात. क्यूएलईडीमध्येही तेच, फक्त मध्ये क्वांटम डॉटचा थर असतो, त्याने रंग जास्त खुलतात. क्यूएलईडी नाव दिसलं म्हणजे काळा रंग गडद दिसेलच असं नाही. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात आणि ते वेगवेगळ्या भागांत कमी-जास्त करता येतात, त्यामुळे उजेड भरपूर आणि अंधारही बऱ्यापैकी खरा. ओएलईडीमध्ये मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. रात्री दिवे बंद करून सिनेमा बघणाऱ्याला त्याच्या तोडीचं चित्र दुसरीकडे मिळत नाही.

तरीही आपल्याकडच्या सर्वसाधारण हॉलसाठी मी ओएलईडी सुचवत नाही. आपले हॉल दिवसा उजेडाने भरलेले असतात आणि घराघरांत बातम्यांचं चॅनेल तासन्‌तास चालतं. खाली तीच पट्टी, वर तोच लोगो. ओएलईडीवर असं न हलणारं चित्र महिनोन्‌महिने राहिलं तर त्याचा ठसा कायमचा उमटण्याचा धोका असतो. उजेडाच्या हॉलमध्ये, सगळ्या कुटुंबाने वापरायच्या टीव्हीसाठी चांगला क्यूएलईडी किंवा बजेट असेल तर मिनी एलईडी जास्त शहाणपणाचा.

यापेक्षाही महत्त्वाचा आणि जाहिरातीत कधीच न येणारा प्रश्न म्हणजे पॅनल आयपीएस आहे की व्हीए. व्हीए पॅनलवर समोरून बघताना काळा रंग गडद आणि चित्र ठसठशीत दिसतं, पण बाजूला सरकलं की रंग विटतात. आयपीएसवर काळा थोडा राखाडी दिसतो, मात्र कुठूनही बघा, रंग जवळपास तसेच राहतात. सगळे सोफ्यावर समोरच बसत असतील तर व्हीए. आजी कोपऱ्यातल्या खाटेवरून, आई स्वयंपाकघराच्या दारातून आणि मुलं जमिनीवर लोळत बघत असतील तर आयपीएस. विक्रेत्याला हे ठाऊक असेलच असं नाही, आणि एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कारखान्यांचे पॅनल येऊ शकतात. म्हणून स्वतः बाजूला जाऊन बघणं हाच भरवशाचा मार्ग.

एचडीआर, डॉल्बी व्हिजन, एचडीआर टेन प्लस ही नावं खोक्यावर ठळक असतात. अर्थ एवढाच की उजळ आणि काळोखे भाग एकाच चित्रात नीट दाखवण्याची पद्धत टीव्हीला समजते. पण ते दाखवायला उजेड हवा. उजेड निट्समध्ये मोजतात. स्वस्त टीव्ही २५० ते ३०० निट्सचे असतात, त्यांच्यावर एचडीआर नावापुरतंच उरतं. सहाशेच्या पुढे त्याची गंमत दिसायला लागते. समोर बाल्कनी असलेल्यांनी हा आकडा आवर्जून बघावा. तो वेबसाइटवर नसेल तर बहुधा सांगण्यासारखा नाही, असं समजा.

रिफ्रेश रेट म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं. साध्या टीव्हीत ६० हर्ट्झ, वरच्यांत १२०. ‘मोशन’च्या पुढे लिहिलेले दोनशे, चारशे वगैरे आकडे जाहिरातीचे असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. फक्त ‘पॅनल किती हर्ट्झचं?’ एवढंच विचारा. मालिका-बातम्यांना ६० पुरतात. क्रिकेटचे वेडे आणि प्लेस्टेशन खेळणारी मुलं घरात असतील तर १२०चा विचार करा, आणि तेव्हा एचडीएमआय २.१ पोर्ट (बाहेरचं यंत्र वायरीने जोडायची जागा) आहे ना हेही बघा.

पायरी चौथी: दुकानात काय बघायचं

ऑनलाइन घ्यायचा असला तरी एकदा दुकानात जाऊन या. शनिवार-रविवार संध्याकाळी नको, आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी दुपारी जा. विक्रेत्यालाही तुमच्याशी बोलायला सवड असते.

दुकानातले टीव्ही शॉप मोडवर असतात. उजेड आणि रंग कमाल पातळीवर. पहिलं काम, ‘जरा होम मोडवर करता का?’ अशी विनंती. मग स्टँडर्ड किंवा सिनेमा मोड. ज्या पडद्याचा रुबाब यानंतर एकदम उतरतो, तो मनातून वजा करा.

दुसरं, समुद्र-फुलपाखरांची फीत बंद करून बातम्यांचं मराठी चॅनेल लावायला सांगा. खालच्या सरकत्या पट्टीतली देवनागरी अक्षरं बघा. ‘क्ष’, ‘ष्ट्र’ अशी दाट जोडाक्षरं सरकताना वाचता येतात की पुसट होतात? निवेदकाचा चेहरा आपल्या माणसांच्या चेहऱ्यासारखा दिसतो की नारिंगी? त्वचेचा रंग जिथे बरोबर, तिथे बाकीचे रंगही बहुतेक बरोबर असतात.

तिसरं, पेन ड्राइव्हवर घरच्या लग्नातला किंवा गणपतीतला चांगला व्हिडिओ घेऊन जा. आरतीच्या वेळी घेतलेला असेल तर उत्तम. निरांजनाचा उजेड, मागचा अंधार, चेहरे आणि झेंडूचा केशरी रंग, एवढं सगळं एका चित्रात असतं. झेंडूच्या पाकळ्या वेगळ्या दिसतात की केशरी डाग होतो? मागे उभ्या माणसांचे काळे कोट अंधारात विरघळतात का? आपण त्या प्रसंगी हजर असल्यामुळे खरं काय होतं ते डोळ्यांना माहीत असतं आणि फसवणूक होत नाही.

तोच व्हिडिओ चालू ठेवून उजवीकडे चार पावलं जा, मग डावीकडे, मग खाली वाका. आजीच्या खाटेवरून आणि चटईवरून टीव्ही कसा दिसेल ते तिथेच कळतं. विक्रेता नवलाने बघेल, बघू द्या.

एवढं करून दोन मॉडेल उरतात. दोन्हींच्या मागच्या पट्टीवरच्या पूर्ण मॉडेल नंबराचा फोटो काढा, शेवटच्या अक्षरासकट. एकाच नावाच्या मालिकेत शेवटचं अक्षर बदललं की वर्ष, पॅनल किंवा स्पीकर बदललेला असू शकतो. किमतींची तुलना पूर्ण नंबरावरच करा.

पायरी पाचवी: स्मार्टपणा किती हवा

गूगल टीव्ही, सॅमसंगचं टायझन, एलजीचं वेबओएस, अ‍ॅमेझॉनचं फायर टीव्ही, यांपैकी कुठलीही प्रणाली चालेल. मराठी घरासाठी झी फाइव्ह, जिओहॉटस्टार, सोनी लिव्ह आणि यूट्यूब चालायलाच हवेत, कारण बहुतेक मराठी मालिका यांपैकी कुठेतरी असतात. दुकानात ही अ‍ॅप उघडून दाखवायला सांगा.

सावध राहायचं ते अगदी स्वस्त ‘अँड्रॉइड’ टीव्हींपासून. काहींमध्ये गूगलची अधिकृत टीव्ही प्रणाली नसते, मोबाइलसारखी साधी अँड्रॉइड टाकलेली असते. तिथे नेटफ्लिक्स लागत नाही, किंवा लागलं तरी चित्र एचडी येत नाही, आणि रिमोटऐवजी माउस लागावा अशी अवस्था होते. ‘नेटफ्लिक्स अधिकृत आहे का आणि एचडीमध्ये चालतं का?’ या एका प्रश्नात बहुतेक खोटे टीव्ही गळून पडतात.

मात्र प्रणाली कितीही चांगली असली तरी चार-पाच वर्षांत ती मंदावते. अ‍ॅप जड होत जातात, टीव्हीतली मेमरी तेवढीच राहते. त्या वेळी काही हजारांची स्टिक, म्हणजे अ‍ॅप चालवणारं छोटं यंत्र, एचडीएमआयला लावली की टीव्ही पुन्हा ताजा. पडदा मात्र असा बदलता येत नाही. जास्तीचे पैसे पडद्यात घाला म्हणालो ते यासाठी. दोन जीबी रॅम असली की बाकी तडजोड चालते.

रिमोट आजी-आजोबांच्या हातात देऊन बघा. नव्या रिमोटांवर आकड्यांची बटणंच नसतात आणि बॉक्सचा रिमोट वेगळा राहतो. दोन रिमोटांचा गोंधळ ज्येष्ठांना दिवसभर छळतो. सेटटॉप बॉक्स टीव्हीच्या रिमोटनेच चालेल अशी सोय काही मॉडेलांत असते, ती मागून घ्या.

आवाज आणि मागचे पोर्ट

टीव्ही पातळ झाले तसे स्पीकर लहान झाले आणि त्यांचं तोंड खाली किंवा मागे गेलं. २० वॉटचा आवाज दहा बाय पंधराच्या हॉलला पुरतो, पण संवाद गुदमरतात. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आवाज वाढवून उपयोग नसतो, शब्द स्पष्ट हवे असतात. साउंडबारचा, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरचा, विचार असेल तर टीव्हीत एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेला एचडीएमआय पोर्ट हवा. मग टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो.

एचडीएमआय तीन असावेत: बॉक्स, साउंडबार आणि पुढे कधी स्टिक. पोर्ट बाजूला आहेत की थेट मागे, तेही बघा. भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीच्या मागे हात शिरत नाही. बॉक्स जुना, लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरींचा असेल तर त्या वायरी घेणारा पोर्ट आहे का ते विचारा, बऱ्याच नव्या टीव्हींत तो नसतो किंवा वेगळी जोडवायर लागते.

वीज: इथे हयगय नको

४३ इंची टीव्ही साधारण शंभर वॉटच्या आसपास वीज घेतो. दिवसाला पाच तास लावला तर अर्धा युनिट, महिन्याला पंधरा. म्हणजे बिलाचा बाऊ करण्यासारखं काही नाही, तरी बीईईच्या, म्हणजे वीजबचतीचे तारे दाखवणाऱ्या, लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा दोन मॉडेलांत ताडून बघा.

खरा धोका दाबाचा. बहुतेक नवे टीव्ही १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे कमी दाबासाठी स्टॅबिलायझर लागत नाही. दाब वाढला तर मात्र लागतो. तालुक्याच्या गावी आणि खेड्यात खांबावरची न्यूट्रल तुटली की घरातल्या सिंगल फेजवर २३०च्या जागी कितीतरी जास्त, चारशेच्या दिशेने दाब येऊ शकतो. आळीतल्या सगळ्या घरांतले टीव्ही, पंखे, बल्ब एकदम जातात ते यामुळेच. त्यासाठी जास्त दाबाला आपोआप वीज तोडणारा स्टॅबिलायझर घ्या. साधा तीन-चार सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड हे काम करत नाही. अर्थिंग आहे की नाही, तेही वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक बऱ्याचदा नुसतं दाखवायला असतं.

पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की टीव्हीचा स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, आणि डिशची किंवा इंटरनेटची वायरही काढा. छतावरची छत्री आणि तिची वायर हा विजेला घरात यायचा मोकळा रस्ता आहे, आणि बॉक्समधून एचडीएमआयने तो टीव्हीपर्यंत पोचतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांनी ही सवय लहान मुलांनाही लावावी. तिथे दमट, खारी हवाही असते, म्हणून टीव्ही भिंतीला घट्ट न चिकटवता मागे चार बोटं जागा ठेवा आणि भर पावसातही रोज थोडा वेळ चालवा.

सर्व्हिस, वॉरंटी आणि पैसे

कंपनी ठरवण्याआधी तिच्या हेल्पलाइनला एक फोन करा. तुमचा पिनकोड सांगा आणि विचारा: सर्व्हिस सेंटर कुठे आहे, माणूस किती दिवसांत येतो, पॅनल गेलं तर घरी येऊन बदलतात की टीव्ही आणून द्यावा लागतो. पुण्या-मुंबईत हा प्रश्न सहसा येत नाही. पण गडहिंग्लजला किंवा मेहकरला राहणाऱ्याने विचारलाच पाहिजे. फोनवर उत्तर नीट मिळालं नाही, तर टीव्ही बिघडल्यावरही मिळणार नाही.

पॅनल हा टीव्हीतला सगळ्यात महाग भाग. ते गेलं तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. त्यामुळे वॉरंटी किती वर्षांची याबरोबरच पॅनलवर किती, हे वेगळं विचारा. वाढीव वॉरंटी घेताना पॅनल तिच्यात धरलंय का, ते कागदावर बघा. चेंडू लागून तडा गेला तर साध्या वॉरंटीत काहीच मिळत नाही. हॉलमध्ये क्रिकेट खेळणारी मुलं असतील तर अशा नुकसानीचं वेगळं संरक्षण मिळतंय का ते बघा.

किमतीबाबत एक बदल लक्षात ठेवा. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीच धरली तर ग्राहकाला पावणेआठ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. त्यामुळे त्याआधीचे, मित्राने सांगितलेले भाव आता प्रमाण मानू नका. मुहूर्त म्हणाल तर दसरा-दिवाळी आणि गुढीपाडव्याला सवलती असतात, तशाच प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनालाही. घाई नसेल तर थांबा, पण आवडलेल्या मॉडेलचा भाव दोन-तीन आठवडे आधीपासून टिपून ठेवा. सवलत खरी की आधी वाढवून मग कमी केलेली, ते त्यावरून कळतं.

नो कॉस्ट ईएमआय पूर्ण फुकट नसतो. व्याजाएवढी सूट दिलेली असली तरी क्रेडिट कार्डावर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फी तुमच्याकडूनच जाते. रोख घेतल्यास किती, हे आधी विचारा. मग तुलना करा.

बिल पक्कं, जीएसटीचं आणि त्यावर सीरियल नंबर असलेलंच घ्या. ‘बिल नको असेल तर हजार कमी’ हा सौदा वॉरंटीच्या वेळी अंगाशी येतो. टीव्हीच्या मागे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून खरा आहे का ते बघता येतं. अनोळखी नावाचा टीव्ही घेत असाल तर हे नक्की करा. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

टीव्ही घरी येतो तो दिवस

खोकं उभंच आणायला सांगा, आडवं झोपवून नाही. लिफ्ट नसेल तर जिन्याचं वळण आधी मोजून ठेवा, ५५ इंचाचं खोकं अरुंद जिन्यात अडकतं. खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा. टीव्ही भिंतीवर चढवण्याआधी वीज जोडून चालू करून बघा. यूट्यूबवर पूर्ण पांढरा, काळा, लाल, निळा पडदा दाखवणारे व्हिडिओ आहेत, ते लावून मेलेले ठिपके, कडेला येणारा उजेड, तडा, सगळं तपासा. मगच सही.

भिंत कशाची आहे ते बसवणाऱ्याला सांगा. विटेच्या भिंतीत साधे प्लग-स्क्रू धरतात. नव्या इमारतींत सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या, भिंती असतात. त्यात हातोडा-ड्रिल न वापरता साधं ड्रिल हलक्या हाताने चालवावं लागतं आणि प्लग लांब, त्याच कामाचे लागतात. घाईत साधे प्लग ठोकले तर भोक भुसभुशीत होतं आणि ब्रॅकेट काही महिन्यांत हलायला लागतं. ५५ इंची टीव्हीचं वजन बारा ते सोळा किलो असतं. पीओपी किंवा जिप्समच्या पार्टिशनवर नुसता टीव्ही टांगूच नका, मागे प्लायवूड द्या. कन्सील्ड वायरिंग भिंतीत कुठून गेलंय ते स्विचबोर्डाच्या सरळ रेषेवरून ओळखा आणि त्या रेषेत भोक पाडू देऊ नका. ब्रॅकेट टीव्हीसोबत फुकट आहे की त्याचे वेगळे पैसे, हे खरेदीच्या वेळीच लिहून घ्या.

पहिल्या संध्याकाळची सेटिंग्ज

पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ असेल तर बदलून ‘सिनेमा’, ‘फिल्ममेकर’ किंवा निदान ‘स्टँडर्ड’ करा. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल. दोन-तीन दिवस तसंच ठेवा, डोळे सरावतात आणि मग जुना निळसर पांढरा रंग डोळ्यांत खुपायला लागतो. शार्पनेस खाली आणा, तो जास्त असला की चेहऱ्यांभोवती पांढऱ्या रेषा दिसतात. सिनेमा मालिकेसारखा सपक-गुळगुळीत हलताना दिसत असेल तर मोशन स्मूदिंग बंद करा किंवा अगदी कमी ठेवा.

सेटटॉप बॉक्सच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र १०८० वर आहे का बघा. बसवणारा माणूस ते कमीवर सोडून जातो आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. चेहरे रुंद, आडवे ताणलेले दिसत असतील तर चित्राचं प्रमाण चुकलेलं आहे, तेही तिथेच बदला. टीव्ही सुरू करताना ‘तुम्ही काय बघता याची माहिती घेऊ का?’ अशा अर्थाच्या परवानग्या येतात. त्या नाकारल्या तरी टीव्ही पूर्ण चालतो. मुलांसाठी यूट्यूब किड्स आणि अ‍ॅपवर पिन याच दिवशी लावून टाका, नंतर राहून जातं.

पडदा पुसायला कोरडा मायक्रोफायबर कपडा, फार तर किंचित ओला. काचेचा स्प्रे वापरू नका, पडद्यावरचा थर खराब होतो.

आता उरला जुना टीव्ही. चालू असेल तर आतल्या खोलीत किंवा गावी द्या. जुन्या डब्यासारख्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. तो भंगारवाल्याकडे देऊन फोडू देऊ नका, कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये द्या किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रावर पोचवा. ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे नवा टीव्ही पोचवायला येणाऱ्यांनाच ‘जुना नेणार का?’ असं ऑर्डर देतानाच विचारून ठेवा.